रत्नपारखींची बोथट तलवार

दसऱ्याच्या आत काहीतरी छंद लावून घ्या, नाहीतर मी उमाकडं नांदेडला राहायला जाते, असं प्रमोदिनीबाईंनी सांगितलं तेव्हा श्रीनिवासराव रत्नपारखींना पहिला संशय आला तो तारखेचा. दसराच का? दिवाळी का नाही? बायको रागावली असेल तर आज जाईल, फार तर उद्या. लेकीच्या घरी जायला स्वतःच महिनाभराची मुदत घालणारी बाई मनात काहीतरी वेगळंच धरून असते, एवढं तरी बत्तीस वर्षं सरकारी कचेरीत पडताळणीचं टेबल सांभाळलेल्या माणसाला कळतंच. पण काय धरून आहे ते विचारायची सोय नव्हती. विचारायला गेलं की बोलणं सरूबाईपर्यंत पोचलं असतं, आणि ते तिथपर्यंत पोचू नये अशी श्रीनिवासरावांची फार इच्छा होती.

सरूबाई म्हणजे त्यांच्याकडं एकोणीस वर्षं धुणंभांडं करणारी बाई. नोकरीत असेपर्यंत श्रीनिवासरावांनी जगाचे दाखले तपासले. निवृत्त झाल्यावर दाखले संपले आणि तपासायला घर उरलं. दुधात मापक बुडवून झालं. गॅसच्या टाकीचं सील भिंगातून बघून झालं. कुकरच्या तीन शिट्ट्या झाल्या असं प्रमोदिनीबाई म्हणाल्या तर 'माझ्या मोजणीत दोन' अशी हरकत ते दिवाणखान्यातून घ्यायचे. सरूबाईसाठी त्यांनी हजेरीपट घातला, आणि ती बिचारी दोन महिने येता-जाता त्यावर सही करत राहिली. मग एके दिवशी देवघरातलं चांदीचं निरांजन दिसेनासं झालं. श्रीनिवासरावांनी तिला दारात थांबवलं आणि म्हणाले, "जरा पिशवी दाखव." तिनं दाखवली. आत चार पोळ्या आणि शिवायला न्यायची तुटकी चप्पल होती. "झालं बघून?" एवढंच ती म्हणाली, आणि दुसऱ्या दिवसापासून आली नाही.

निरांजन आठ दिवसांनी सापडलं. ते श्रीनिवासरावांच्याच कपाटात, 'संकीर्ण' असं लिहिलेल्या त्यांच्याच बॉक्स फाइलमध्ये होतं. चोरीला जाऊ नये म्हणून त्यांनी स्वतःच ते तिथं ठेवलं होतं आणि 'सुरक्षिततेच्या कारणास्तव हलविले' अशी चिठ्ठी लिहून खाली सहीही केली होती. स्वतःची सही ओळखून त्यांनी फाइल मिटली, जागेवर ठेवली आणि कोणाला काही सांगितलं नाही. सांगायचं नव्हतं असं नाही. योग्य वेळी सांगायचं होतं. सरकारी माणसाची योग्य वेळ कधी येते ते कचेरीत हेलपाटे घातलेल्या कोणालाही विचारा.

तर छंद. बागकाम त्यांनी आधीच बाद केलं, कारण रोपवाटिकेवाला हापूस म्हणून जे देतो ते काय आहे हे सहा वर्षं कळत नाही. हास्यक्लबातली माणसं आपल्यालाच हसतायत असं त्यांना वाटलं, आणि खरं सांगायचं तर त्यातले दोघं हसतही होते. शेवटी कॉलनीच्या मागच्या मैदानावर एका खांबाला टांगलेल्या दोन पाट्यांपाशी ते थांबले. वरची पाटी 'तलवारबाजी, प्रवेश सुरू, वयाची अट नाही.' खालची 'लॅक्रोस, प्रवेश सुरू, वयाची अट नाही.' अक्षर एकाच पेंटरचं. श्रीनिवासरावांनी खिशातून मोबाइल काढून पाट्यांचा फोटो घेतला.

"कशाचा फोटू काढू राहिले, साहेब?" मागून आवाज आला.

शेजारच्या बंगल्यातले काकासाहेब गोर्डे. मूळचे देवगाव रंगारीचे. तिकडं अद्रकाची शेती, इकडं वीज कंपनीतली नोकरी. श्रीनिवासरावांना कागदाचा संशय यायचा, काकासाहेबांना जमिनीचा. जमीन सोडून दुसऱ्या कशासाठी माणूस जागचा हलतो यावर त्यांचा विश्वास नव्हता.

"एखादा खेळ शिकावा म्हणतोय," श्रीनिवासराव म्हणाले. "छंद म्हणून."

काकासाहेबांनी त्यांना खालून वरपर्यंत न्याहाळलं. "ह्या वयात?"

"वयाची अट नाही म्हणे."

"तेच तर. वयाची अट लग्नाला हाय, मताला हाय, म्हशीच्या इम्याला पण हाय. इथं नाय म्हंजे कायतरी काळंबेरं हाय. आधी खेळ येतो, मंग शेड येतं, मंग शेडाला कुलूप येतं. ह्या ग्राउंडावर कोणाचा तरी डोळा हाय, साहेब. तुमच्या कानावर काय आलं असंल तर सांगा. शेजारी हाय मी."

"माझ्या कानावर काहीच नाही."

"नाय सांगायचं तर नाय," काकासाहेब म्हणाले, आणि त्यांनीही पाट्यांचा फोटो काढला.

दोन्ही खेळांत निरुपद्रवी म्हणून श्रीनिवासरावांनी आधी लॅक्रोस घेतला. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगायचं तर लांब काठीच्या टोकाला जाळी असते, त्या जाळीत चेंडू झेलायचा, पळवायचा, आपल्या माणसाकडं फेकायचा, आणि शेवटी समोरच्यांच्या गोलात घालायचा. हे सगळं पुंजाराम सर शिकवायचे. पाचोडच्या शाळेतून निवृत्त झालेले ड्रिलमास्तर, अतिशय गरीब स्वभावाचा माणूस. त्यांनी श्रीनिवासरावांचा हात दोन्ही हातांत धरला, चहा पाजला आणि एक काठी घरी न्यायला दिली. एवढा चांगुलपणा बघून श्रीनिवासराव सावध झाले.

"संघाला दहा लागतात," पुंजाराम सर म्हणाले. "नऊ हायेत. तुम्ही दहावे."

"आधीचे दहावे कुठं गेले?"

"त्यांचा गुडघा गेला. मंग ते पण गेले."

मैदानात खरी अडचण चेंडू फेकण्याची होती. चेंडू जाळीत आला की तो हलवत, जोजवत पळायचं हे श्रीनिवासरावांना पहिल्या दिवशीच जमलं. पुंजाराम सरांनीही कौतुक केलं. पण चेंडू हातचा सोडायची वेळ आली की त्यांची गाडी अडायची.

"द्या साहेब," पुंजाराम सर ओरडले.

"तुम्ही परत द्याल?"

"परत नाय, पुढं देईन. कडूबाला."

"कडूबा कोणाला देईल?"

"ते तवा बघू."

असं 'तवा बघू' म्हणणाऱ्यांच्या हाती बत्तीस वर्षांत त्यांनी साधं टाचणीचं पाकीट दिलं नव्हतं. ते जाळीत चेंडू जोजवत मैदानाच्या मधोमध उभे राहिले. कडूबानं दोनदा हात केला, मग खाली बसला. बाकीचे सातजण पाणी पिऊन आले. साडेसात वाजता सगळे कामाला निघून गेले तेव्हाही चेंडू श्रीनिवासरावांकडंच होता, आणि तो सुरक्षित होता.

चौथ्या दिवशी सकाळी काठी खांद्यावर टाकून ते घरी येत होते. काकासाहेबांच्या फाटकाशी त्यांच्या पत्नी भागूबाई उभ्या होत्या. नवरात्र तोंडावर आलेलं, आणि भागूबाईंच्या कुंपणालगतच्या जास्वंदीची फुलं आठवडाभर रोज पहाटे नाहीशी होत होती. त्यांनी काठीच्या टोकाची जाळी पाहिली. आंबे उतरवायचा झेला अगदी असाच असतो.

"भाऊ," त्या म्हणाल्या, "हे सकाळी सकाळी झेला घेऊन कुठं गेलते?"

"झेला नाही. लॅक्रोसची काठी आहे. खेळ आहे तो."

"असंल. जरा पिशवी दाखवता का?"

भागूबाईंच्या मागं अंगणात सरूबाई झाडत होती. रत्नपारखींचं घर सोडल्यावर दुसऱ्याच आठवड्यात गोर्ड्यांनी तिला ठेवून घेतली होती. तिचा खराटा थांबला. श्रीनिवासरावांनी पिशवी उघडली, कारण न उघडणं जास्त वाईट दिसलं असतं. टॉवेल, पाण्याची बाटली, चेंडू. भागूबाईंनी तिन्ही वस्तू पाहिल्या आणि मग बोटानं वर दाखवलं. खांद्यावरच्या काठीच्या जाळीत एक लालभडक जास्वंद अडकलं होतं.

निवृत्त राजपत्रित अधिकारी, वर्ग दोन, रस्त्यात उभा, आणि जाळीत शेजारणीचं फूल.

"ताई," सरूबाई मागून म्हणाली, "साहेब तसं करणार नाय. कुपाटीवरून येताना अडकलं असंल. मी एकोणीस साल ओळखते त्यांना." आणि ती पुन्हा झाडायला लागली.

तिनं शिवी दिली असती तर बरं झालं असतं. घरी येऊन श्रीनिवासरावांनी कपाट उघडलं, 'संकीर्ण' फाइलकडं पाहिलं आणि कपाट लावून टाकलं. त्या दिवशी त्यांना जेवण गेलं नाही. प्रमोदिनीबाईंनी काय झालं असं विचारलं, तर ऊन लागलं म्हणाले. भाद्रपदातल्या सकाळी आठ वाजता कोणाला ऊन लागत नाही, पण प्रमोदिनीबाईंनी ते ऐकून घेतलं.

काठी परत गेली. पुंजाराम सरांच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते दहाव्याच्या शोधात पुन्हा खांबाशी जाऊन उभे राहिले.

राहिली तलवारबाजी. ती श्रीनिवासरावांना विचाराअंती पटली. एकास एक मामला; कोणाच्या हाती काही सोपवायचं नाही. शिवाय तलवारीच्या टोकाला कळ असते, वायर असते, टोक समोरच्याच्या अंगाला टेकलं की यंत्रावर दिवा लागतो असं त्यांनी वाचलं होतं. माणसाच्या शब्दावर काही नाही, सगळं यंत्रावर. त्यांनी गुलमंडीच्या बाजारातून जाडजूड पांढरं कापड घेतलं आणि तिथल्याच टेलरमास्तरला जाकीट, विजार शिवायला टाकली. मापं घेता घेता मास्तरनं विचारलं, "साब, ये पहन के जाना किधर है?" तलवार खेळायला असं सांगितल्यावर त्यानं फीत गळ्यात टाकली आणि हळूच म्हणाला, "घर में सब ठीक है ना?"

पत्र्याच्या शेडमध्ये शिकवणारे कारभारी सर तिशीतले, बोलायला मोकळे. श्रीनिवासरावांनी आल्याआल्या यंत्राची चौकशी केली.

"ते कोपऱ्यात हाय," सर म्हणाले. "बिघडलंय. बंद नाय, उलट लई चालू हाय. कोणी शिंकलं तरी दिवा लागतो."

"मग गुण कसा देता?"

"ज्याला लागला तो सांगतो. मोकळा हात वर करायचा अन् म्हणायचं, लागला."

श्रीनिवासरावांना वाटलं आपण नीट ऐकलं नाही. "ज्याला लागला, तोच सांगणार?"

"व्हय."

"आणि नाही सांगितलं तर?"

"तर नाय. लई बारीक टोक असतंय, मला दिसंलच असं नाय. मारणाऱ्याला पण कळंल असं नाय. ज्याला लागला त्याला मातर ठावं असतंय."

"पुरावा काय त्याला?"

"त्याला लागलेला असतो ना, साहेब."

एके काळी सकाळी सातपासून श्रीनिवासरावांच्या दाराशी माणसं मूळ कागद आणि प्रती घेऊन उभी राहायची. ते भिंगातून बघायचे, शिक्का मारायचे, सही करायचे, तेव्हा प्रत खरी ठरायची. मग एक दिवस सरकारनं सांगितलं की ज्याची प्रत त्यानंच खरी म्हणून सही करावी. त्या दिवशीही ते जेवले नव्हते. त्यांचं मत असं की माणसाला स्वतःबद्दल विचारणं म्हणजे मांजराला दुधाचा पंचनामा करायला सांगणं. पण दसऱ्याला अठरा दिवस उरले होते आणि खांबावर तिसरी पाटी नव्हती.

ते रोज जाऊ लागले. जाळीचा मुखवटा घालून, डावा हात मागं धरून पुढं-मागं करताना त्यांना चक्क मजा वाटायला लागली. फक्त त्यांचा हात वर जात नव्हता. दहा दिवसांत शेडमधल्या प्रत्येकानं वीस-वीस, तीस-तीस वेळा 'लागला' म्हटलं. श्रीनिवासरावांनी एकदाही नाही.

"तुम्हाला लागतच नाय का हो?" कारभारी सरांनी विचारलं.

"काही प्रकरणं संशयास्पद होती," ते म्हणाले. "संशयाचा फायदा मी घेतला."

पहिल्या आठवड्याच्या शेवटी शेडच्या दारात काकासाहेब उभे दिसले. गुडघ्याला बरं असतं म्हणून आलो म्हणाले. खरं म्हणजे रत्नपारखी रोज सकाळी त्या जमिनीवर जाऊन काय करतात ते बघायला ते आले होते, आणि बाहेर उभं राहून नीट दिसेना म्हणून त्यांनी प्रवेश घेतला. ते ऊस तोडल्यासारखे खेळायचे. पण हात इतक्या उत्साहानं वर करायचे की न लागता सुद्धा 'लागला' म्हणायचे. "लागला असंल, वाद कशाला," असं त्यांचं धोरण. एवढी उदारता कोणी उगाच दाखवत नाही, याची श्रीनिवासरावांनी मनात नोंद केली.

सरावाला तलवार घरी नेण्याचा दिवस आला तेव्हा काकासाहेबांनी सल्ला दिला, "नऊ इंचाच्या वर पातं असलं की लायसन लागतं, साहेब. नंतर भानगड नको." कारभारी सर म्हणाले, ही बोथट असते, हिला काही लागत नाही. इथं दुसरा कोणी तलवार पिशवीत घालून घरी गेला असता. श्रीनिवासरावांनी अर्ज लिहिला. 'विषय: बोथट तलवार बाळगण्यास ना-हरकत मिळणेबाबत.'

ठाण्यावर रामकिसन हवालदारांनी तो दोनदा वाचला. "बोथट हाय ना? मंग अर्ज कशाला?"

"नोंद असावी."

"साहेब, नोंद झाली की नंबर पडतो. नंबर पडला की चौकशी करावी लागते. घेऊन जा हा कागद, तुमच्या पाया पडतो."

"पोच द्या," श्रीनिवासराव म्हणाले.

चौकशी अष्टमीच्या दिवशी आली. हवालदारांनी रीतीप्रमाणे आधी शेजाऱ्यांकडं विचारपूस केली: माणूस कसा आहे, भांडखोर आहे का, दारू वगैरे? काकासाहेबांनी शेजारधर्माला जागून खरं तेच सांगितलं. माणूस सोन्यासारखा आहे, दारू नाही, भांडण नाही, फक्त लई शकी आहे. निरांजन हरवलं म्हणून कामाच्या बाईची पिशवी तपासली होती. हे सगळं हवालदारांनी लिहून घेतलं आणि ते रत्नपारखींच्या दिवाणखान्यात येऊन बसले. फाटकाबाहेर निम्मी कॉलनी जमली होती, आणि रत्नपारखींकडं तलवारी सापडल्या इथपर्यंत बातमी पोचली होती.

"तलवारीचं काय नाय," हवालदार म्हणाले. "पर ह्यात एक चोरी निघाली. चांदीचं निरांजन. तक्रार का नाय दिली?"

प्रमोदिनीबाई चहा घेऊन येत होत्या. त्या दारातच थांबल्या.

"घरगुती बाब होती," श्रीनिवासराव म्हणाले.

"सापडलं का मंग?"

आता खरं सांगायला याहून सोपी वेळ मिळणार नव्हती. एका शब्दाचं काम होतं. श्रीनिवासरावांनी बायकोकडं पाहिलं, ट्रेकडं पाहिलं, हवालदारांच्या पेनाकडं पाहिलं, आणि त्यांच्या तोंडून आपोआप जुनं वाक्य निघालं.

"शोध चालू आहे."

"बरं. मंग दसऱ्याचा बंदोबस्त झाला की त्या बाईला ठाण्यावर बोलावतो. काय नाव म्हणले? सरूबाई."

"तिला नको. तिला कशाला?"

"पिशवी तिची तपासली ना तुम्ही? मंग संशय तिच्यावरच."

प्रमोदिनीबाईंनी चहा टेबलावर ठेवला आणि त्या आत गेल्या. थोड्या वेळानं माळ्यावरची सुटकेस खाली काढल्याचा आवाज आला. हवालदारांनी चहा पिऊन झाल्यावर कप आत नेऊन ठेवायची तयारी दाखवली, आणि श्रीनिवासरावांना ती शंकास्पदही वाटली नाही, इतके ते हादरले होते. एकोणीस वर्षं घरात वावरलेली बाई त्यांच्या एका चिठ्ठीपायी पोलीस ठाण्याच्या बाकावर बसणार होती. त्यांना भीती वाटली, आणि भीतीपेक्षा लाज जास्त वाटली. दोन दिवस ते फाइलपाशी जात राहिले आणि परत येत राहिले.

दसऱ्याच्या सकाळी शेडमध्ये तलवारी मांडून पूजा झाली. कॉलनीतली सगळी मंडळी आली होती. झेंडूचे हार भागूबाईंनी पाठवले होते आणि ते घेऊन सरूबाई आली होती. गर्दी म्हटली की बंदोबस्त, म्हणून रामकिसन हवालदार दाराशी खुर्ची टाकून बसले होते. प्रमोदिनीबाई आल्या त्या पर्स खांद्याला लावूनच आल्या; दुपारची नांदेडची गाडी होती, तेवढी कुस्ती बघून निघते म्हणाल्या. कुस्ती नाही, तलवारबाजी, असं श्रीनिवासरावांनी सुधारून सांगितलं. ते त्यांनी ऐकलं नाही.

पूजेनंतर सामने होते. शेवटचा सामना प्रौढ गटाचा, श्रीनिवासराव रत्नपारखी विरुद्ध काकासाहेब गोर्डे, कारण प्रौढ गटात दोघंच होते. पाच गुणांचा सामना. काकासाहेबांनी सवयीप्रमाणे पहिल्या तीन मिनिटांत चार वेळा हात वर केला, त्यातला निदान एक तरी वाऱ्याच्या झुळकीला असावा. मग त्यांना ताव चढला. त्यांनी श्रीनिवासरावांच्या छातीवर, खांद्यावर, कोपरावर आणि पोटावर असे चार वार सगळ्यांच्या डोळ्यांदेखत केले. श्रीनिवासरावांचा हात एकदाही वर गेला नाही, पण दिसलेलं नाकारता येत नाही म्हणून ते चारही गुण कारभारी सरांनी दिले. चार-चार झाले. एक गुण उरला. लोक उठून उभे राहिले.

काकासाहेब पुढं झेपावले, त्यांचा पाय घसरला, तलवार खाली गेली. त्याच वेळी श्रीनिवासरावांचा वार त्यांच्या खांद्यावर स्वच्छ बसला. सगळ्यांनी तो पाहिला. टाळ्या सुरू झाल्या. काकासाहेबांनी हात वर करायला घेतलाच होता.

पण त्याच्या आधी, अगदी क्षणभर आधी, श्रीनिवासरावांच्या उजव्या बुटाच्या टोकाला काहीतरी टोचलं होतं. या तलवारबाजीत अंगावर कुठंही लागलं तरी गुण असतो, अंगठ्याला सुद्धा. कोणी पाहिलं नव्हतं. मारणाऱ्यालाच कळलं नव्हतं. जगात एकाच माणसाला ठाऊक होतं, आणि तो मुखवट्याच्या आत घामानं थबथबला होता. श्रीनिवासरावांनी जाळीतून बाहेर पाहिलं. पूजेच्या पाटाशी सरूबाई उभी होती. ती टाळ्या वाजवत नव्हती, नुसती बघत होती.

त्यांचा डावा हात वर गेला.

"लागला," ते म्हणाले.

टाळ्या विस्कळीत होऊन थांबल्या. "कुठं?" कारभारी सरांनी विचारलं.

"अंगठ्याला. माझ्या वाराच्या आधी."

"मला नाय वाटत," काकासाहेब म्हणाले. "माझा तोल गेलता."

"तुम्हाला काय वाटतं त्याचा प्रश्न नाही. लागला तो मला." श्रीनिवासरावांचा हात खाली येईना. "आणि निरांजन सापडलं आहे. महिना झाला. माझ्याच फाइलमध्ये होतं, मीच ठेवलं होतं. सरूबाईंनी काही केलेलं नाही. मी त्यांची पिशवी तपासली ती माझी चूक. हवालदारसाहेब, माझं परवाचं सांगणं खोटं होतं."

कोपऱ्यातल्या बिघडलेल्या यंत्राचा दिवा तेवढा लागून विझला.

"मला ठावं हुतं," सरूबाई म्हणाली. "मी नाय घेतलं म्हंजे ते घरातच असणार. तुम्ही कवा सांगताय तेवढंच बघायचं हुतं."

"मलाही माहीत होतं," प्रमोदिनीबाई म्हणाल्या. "कपाट पुसतं कोण? चिठ्ठीसुद्धा वाचली मी. दसऱ्यापर्यंत वाट बघीन, म्हटलं."

म्हणजे महिनाभर चौकशी चालू होती ती श्रीनिवासरावांचीच, आणि चौकशी अधिकारी दोघी होत्या. ज्याला दुधातलं पाणी दिसायचं त्याला हे दिसलं नव्हतं. एरवी त्यांना राग आला असता. आता त्यांना फक्त हायसं वाटलं, आणि मुखवटा असल्याचं बरं वाटलं, कारण डोळे भरून आले होते.

"मंग हे बंद करायचं ना?" रामकिसन हवालदार उठून म्हणाले. "तसं लिहून द्या म्हंजे झालं."

"येशील का गं परत?" प्रमोदिनीबाईंनी सरूबाईला विचारलं.

"उद्या एकादस हाय. परवा बघू," सरूबाई म्हणाली. "भागूताईचं काम काय सोडणार नाय मी. तुमचं दुपारचं करीन. अन् हजेरीवर सही करणार नाय."

सामना पाच-चार असा काकासाहेबांनी जिंकला. त्यांना तो घेताना फार अवघड झालं; आपण जिंकण्यात रत्नपारखींचा काय फायदा असेल, याचा ते उभ्या उभ्या विचार करत होते. कारभारी सर श्रीनिवासरावांच्या जवळ आले.

"साहेब, झालं," ते हळूच म्हणाले. "गुण दिला त्यांना. आता हात खाली घ्या."

श्रीनिवासरावांनी हात खाली घेतला नाही.

"थांबा," ते म्हणाले. "अजून आहेत."

दुपारच्या गाडीसाठी उठलेल्या प्रमोदिनीबाईंनी पर्स खांद्यावरून काढून मांडीवर घेतली आणि त्या खुर्चीत नीट टेकून बसल्या.

"सांगा," त्या म्हणाल्या. "मला घाई नाही."